काठावरची कवायत

रुस्का मिंचेवाचा आवाज मोठा होता, आणि तिच्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते बहुतेक त्या आवाजामुळेच झालं.

मोज्यांच्या कारखान्यात ती विणायच्या यंत्रावर होती. यंत्रं चालू असली की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला ऐकू जात नसे. रुस्काचं मात्र दालनाच्या पार त्या टोकाला ऐकू जाई. त्यामुळे कामगारांनी रोज दहा वाजता यंत्रं थांबवून कवायत करायची असा वरून हुकूम आला, तेव्हा फोरमनने डोक्याला फार ताण दिला नाही. "रुस्का, तू पुढे उभी राहा," एवढंच म्हणाला. भिंतीवरच्या कर्ण्यातून अकॉर्डियन वाजायचं, रुस्का आकडे म्हणायची आणि बायका हात वरखाली करायच्या. काही जणी कवायत चुकवून मोरीत जाऊन सिगारेट ओढत. रुस्का तिथे जाऊन त्यांना दंडाला धरून बाहेर काढी. "पाठ माझी धरणार नाहीये, तुझी धरणार आहे. चल."

ती कवायत कोणालाच आवडत नव्हती. रुस्कालाही फारशी आवडत होती अशातला भाग नाही. पण सांगितलेलं काम होतं, आणि अर्धंमुर्धं करायचं तर करायचंच कशाला, असं तिचं मत होतं.

पुढे राज्य बदललं, कारखाना बसला, यंत्रं ट्रकमध्ये भरून कुठेतरी गेली आणि त्या दालनात एकाने सोफ्यांचं गोदाम थाटलं. रुस्काने मग गुलाब तोडले, काकड्यांच्या लोणच्याच्या बरण्या भरल्या, नवऱ्याला पुरलं, मुलीचं लग्न लावलं. मुलगी इल्याना आणि जावई कामासाठी स्पेनला गेले. जावई तिथून आणखी पुढे कुठेतरी गेला आणि त्याने परतीचा रस्ता विचारला नाही. इल्याना तिथेच राहिली. रुस्का इथे, पावेल बान्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. एक दिवस तिलाही निवृत्त केलं.

पेन्शन अशी होती, की हिवाळ्यात एकतर घर गरम ठेवावं नाहीतर पोट. रुस्का पोट निवडी आणि थंडीवर कवायत करी. रोज दहाला ती गॅलरीत येई, खालच्या चौकाकडे तोंड करी आणि खणखणीत आवाजात आकडे म्हणत हातपाय हलवी. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी त्यावर घड्याळं लावायला सुरुवात केली होती.

खाली बाकावर स्ताव्री बसलेला असे. जन्मभर त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. आता त्याचं स्वतःचं खुब्याचं हाड बदललं होतं आणि तो काठीवर आला होता.

"रुस्के, विमान उतरवतेयस का गं?" तो खालून ओरडे. "इथे धावपट्टी नाही!"

"तुझं जिभेखेरीज काही हलत नाही, स्ताव्री. तिला तरी विसावा दे!"

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी रुस्काने वाकून पाहिलं, तर स्ताव्री बाकाची पाठ धरून उभा होता आणि तिच्या आकड्यांवर, जणू माशी हाकलतोय अशा थाटात, पाय मागे झुलवत होता. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. फक्त आकडे जरा सावकाश म्हणायला लागली. हिवाळाभर ती वर आणि तो खाली. याबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही. वसंतात स्ताव्री काठी घरी ठेवून पावासाठी दुकानात गेला, आणि तिथे रांगेतल्या प्रत्येकाला पायजमा वर करून पाय दाखवला.

ही बातमी झऱ्याजवळच्या हॉटेलात पोचायला फार वेळ लागला नाही. पावेल बान्यात सांधे दुखणारी माणसं लांबून लांबून येतात, गरम झऱ्याच्या पाण्यात बसतात आणि बरं वाटलं असं म्हणत परत जातात. हॉटेलचा व्यवस्थापक प्लामेन हा तिशीतला, सदा घाईत असलेला मुलगा. पाहुण्यांना पाण्यात व्यायाम शिकवायला त्याने एक देखणा तरुण ठेवला होता. तो तरुण एका रुमानियन पाहुणीच्या भाचीबरोबर सायप्रसला निघून गेला होता आणि जाताना शिट्टीही घेऊन गेला होता.

"मावशी, तुम्ही याल का?" प्लामेन जिना चढून दमला होता. "रोज सकाळी एक वर्ग, दुपारी एक. पेन्शनीच्या वर चांगली भर पडेल तुमच्या."

"शिट्टी लागेल?"

"नको," तो म्हणाला. एवढ्या प्रश्नावरूनच त्याला तिच्या आवाजाचा अंदाज आला होता.

पोहता येतं का, हे त्याने विचारलं नाही. लोक जिथे नुसतं पाण्यात बसायला परगावाहून येतात, तिथल्या बाईला हे काय विचारायचं, असं त्याला वाटलं असावं. रुस्काने आपण होऊन सांगितलं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, हे ती कारखान्यात शिकली होती. खरं म्हणजे ती आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात उतरलेली नव्हती. कारखान्याची सहल समुद्रावर जायची, तेव्हाही ती वाळूत बूट घालून बसायची आणि सगळ्यांचे कपडे सांभाळायची.

पहिल्या दिवशी ती निळा डगला आणि रबरी चपला घालून तलावाच्या काठावर उभी राहिली.

"आत नाही येणार, मावशी?" प्लामेनने विचारलं.

"आत गेले तर मागची रांग दिसत नाही," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

मग तिने सुरुवात केली. तलाव बंदिस्त होता, वर काचेचं छत. कारखान्याच्या दालनाला पुरणारा आवाज तिथे इतका घुमला की उपाहारगृहात एकाच्या हातातून कप पडला. "गुडघा वर! वर म्हटलं की वर! तो गुडघा आहे, लोणच्याची बरणी नाही, जपून ठेवायला!" सोफियाहून आलेले एक निवृत्त न्यायाधीश हात अर्ध्यावरच थांबवत. "साहेब, जन्मभर लोकांचा निवाडा केलात, आता खांद्याचाही करून टाका. एक तर वर न्या नाहीतर घरी न्या!" न्यायाधीशांना लग्नानंतर असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी हात वर नेला.

जर्मन पाहुण्यांना भाषा कळत नसे, पण रुस्काला त्यात अडचण वाटली नाही. आकडे बोटांवर दाखवता येतात आणि रागाला भाषा लागत नाही. फक्त एक घोटाळा होई. कोणी व्यायाम बरोबर केला की रुस्का आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे हो म्हणून मान आडवी हलवी, आणि ते बिचारे चुकलं असं समजून पहिल्यापासून परत करत. त्यात नुकसान काहीच नव्हतं.

प्लामेनला मात्र धाकधूक होती. "मावशी, जरा हसत जा ना."

"का? काय झालं?"

"पाहुण्यांना बरं वाटतं."

"खांदा वर जाईल तेव्हा त्यांना बरं वाटेल. माझे दात बघून काय वाटायचंय?"

महिनाअखेरीस एका जर्मन गृहस्थाने हॉटेलला कळवलं, की तुमच्याकडे एक भयंकर बाई आहे आणि पुढच्या वर्षीसाठी माझी खोली आत्ताच राखून ठेवा. त्यानंतर प्लामेनने हसण्याचा विषय काढला नाही.

पगार हातात आला तसं रुस्काने आधी निजायची खोली गरम केली. मग चांगल्यापैकी मेंढीचं चीज आणलं. मग तिला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी चांगली वाटली की तिने रविवारची वाट पाहिली.

रविवारी इल्यानाचा फोन येई. वालेन्सियाजवळच्या एका गावात ती एका श्रीमंत म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करत असे. आणि दर महिन्याला तिकडून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे आईसाठी पैशांचं पाकीट देई, बरोबर कधी ऑलिव्हच्या तेलाचा डबा, कधी साबण.

"आता पाकीट पाठवू नकोस," रुस्का म्हणाली. "मला मिळतंय."

"काय मिळतंय?"

"पगार. कवायतीचा."

"आई, तू अडुसष्ट वर्षांची आहेस."

"म्हणून तर देतात. तरण्या पोरीने सांगितलं तर म्हातारे ऐकत नाहीत."

"अगं पण मी पाठवते ते काही..."

"तुझं तुला राहू दे. मला नको."

शेवटचे दोन शब्द ठरवले होते त्यापेक्षा मोठ्याने बाहेर पडले. मग इल्याना "बरं" म्हणाली, तिला काहीतरी काम आठवलं आणि तिने फोन ठेवला.

रुस्काला वाटलं होतं पोरगी खूश होईल. पुढच्या रविवारी फोन आला तो हवापाण्याचा. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो घाईतला. हिवाळा लागला तसे काही रविवार फोनच नाही. स्पेनची बस आली तेव्हा रुस्का सवयीने थांब्यावर गेली.

"रुस्का मावशी, तुमचं काही नाही या वेळी," ड्रायव्हर म्हणाला.

"माहितेय मला. सहज आलेय."

आणि सगळ्यांनी आपापली गाठोडी, खोकी उचलून नेईपर्यंत ती तिथेच सहज उभी राहिली.

परतताना बाकावर स्ताव्री होता. तिने त्याला सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"माझा पोरगा काही पाठवत नाही," तो म्हणाला. "पाठवत असता आणि मी नको म्हटलं असतं, तर त्याने गल्लीत बँड लावला असता. तुझी रुसली. म्हणजे पोरगी चांगली आहे तुझी."

"रुसायला काय झालं? तिचाच फायदा केला मी."

"ट्रॅक्टरचं असं असतं," स्ताव्री म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास ट्रॅक्टरबद्दल बोलला. रुस्काला त्यातलं काही कळलं नाही.

फेब्रुवारीत डॅन्यूबकाठच्या रुसे शहरातून पेन्शनरांचा एक गट आला. त्यात कॅप्टन हरालांपी होता. जन्मभर त्याने नदीवर मालवाहू बोटी चालवल्या होत्या. उंच, रुंद, पांढऱ्या मिशांचा माणूस. गुडघे गेलेले, ताठा शाबूत. वर्गात तो एकटा हुकूम मानत नसे. बाकीचे उजवा पाय उचलत तेव्हा हा छताकडे बघत उभा.

"कॅप्टन, उजवा पाय!"

"बाई, मी नदीवर उभा जन्म हुकूम देण्यात घालवलाय."

"मग आता घ्यायला शिका. उजवा!"

त्यावर तो शांतपणे दोरीखालून पलीकडे जाई. तलावाच्या त्या टोकाला दोरी बांधली होती आणि भिंतीवर लाल अक्षरांत "खोल" अशी पाटी होती. तिथे कोणी जात नसे. कॅप्टन तिथे कठड्याला टेकून, आपण आपल्या पाण्यात आहोत अशा चेहऱ्याने उभा राही. रुस्का त्या टोकाकडे फारसं बघत नसे. तिच्या समजुतीप्रमाणे तो माणूस तिथे तरंगत होता.

संत हरालांपीचा दिवस आला, म्हणजे कॅप्टनचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण. सकाळपासून त्याच्या खोलीवर माणसं येत होती, त्या संताच्या रीतीप्रमाणे मध येत होता, आणि मधाबरोबर राकिया, म्हणजे फळांची कडक दारू. नामदिनाला आलेल्या माणसाबरोबर पेला न उचलणं हा अपमान. कॅप्टनने कोणाचा अपमान केला नाही. तसाच तो वर्गाला आला आणि दोरीपलीकडे जाऊन उभा राहिला. पाणी त्या दिवशी चांगलं कढत होतं. खांद्यांचा व्यायाम चालला होता तेव्हा कॅप्टनने कठडा सोडला, कसला तरी विचार करत असल्यासारखा चेहरा केला आणि सरळ खाली गेला.

बाकीच्यांना वाटलं हा पुढचा प्रकार आहे. दोघांनी त्याच्यामागोमाग डोकं पाण्यात घातलंसुद्धा.

जीवरक्षक म्हणून नेमलेला माणूस त्या वेळी तळघरात बॉयलर खोलून बसला होता, कारण बॉयलरवालाही तोच होता. रुस्काने हाक मारली. हाक तळघरापर्यंत गेली, पण माणूस यायला जिना होता. पाण्यावर नुसते बुडबुडे. रुस्काला दोन गोष्टी आठवल्या: शेगडी बंद केली आहे, आणि इल्यानाला आता एवढ्या लांबून यावं लागेल. मग तिने डगल्यासकट, चपलांसकट उडी मारली.

पाय तळाला लागले. पाणी गळ्याच्या हाडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. रुस्का क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. आपण मेलो की काय याची तिला खात्री पटेना. मग डोळे उघडले, खाली हात घातला, कॅप्टनला बगलेत धरून लोकरीचं पोतं उपसावं तसा वर काढला आणि कठड्याला टेकवून एक थोबाडीत दिली.

"हरालांपी! श्वास! नाकाने! आत!"

त्याने आत घेतला. तिने दुसरी दिली.

"बाहेर!"

त्याने बाहेर सोडला. हा त्याने मानलेला तिचा पहिला हुकूम.

प्लामेन धावत आला तेव्हा रुस्का काठावर बसून चपलांमधलं पाणी ओतत होती.

"प्लामेन, ती 'खोल' पाटी कोणी लावली?"

"मीच, मावशी. पोरं तिकडे जाऊ नयेत म्हणून."

"मी मरायची तयारी करून उडी मारली."

प्लामेनच्या लक्षात यायला वेळ लागला. "म्हणजे... तुम्हाला पोहता येत नाही?"

"तू विचारलंस कधी?"

कॅप्टनला काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तोंडाचा वास घेतला आणि जास्त प्रश्न विचारले नाहीत. पण गोष्ट सोफियात हॉटेलच्या मालकापर्यंत गेली, आणि तिकडून निरोप आला: पाण्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे. ईस्टरपर्यंत मुदत. नाही जमलं तर त्या बाईंचे आभार मानून दुसरी व्यवस्था करा.

प्लामेन मान खाली घालून उभा होता. "मी बोललो त्यांच्याशी, मावशी. ऐकत नाहीत."

रुस्का वाद घालणारी बाई होती, पण इथे वाद घालायला जागा सापडेना. निरोप चुकीचा नव्हता, हीच अडचण होती. त्या रात्री तिने निजायच्या खोलीचा हीटर बंद करून पाहिला, सवय राहिली आहे का ते बघायला. राहिली नव्हती.

दोन दिवसांनी कॅप्टन तिच्या इमारतीखाली उभा. कोट, टोपी, हातात मधाची बरणी आणि पाच ट्युलिपची फुलं. स्ताव्रीने बाकावरून त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"कोण हवंय?"

"श्रीमती मिंचेवा."

"इथे श्रीमती कोणी नाही. रुस्का आहे, तिसऱ्या मजल्यावर. हाक मारू नका, तीच मारेल."

रुस्काने दार उघडलं. कॅप्टनने टोपी काढली.

"बाई, तुम्ही माझा जीव वाचवलात, त्याबद्दल आभार. आणि सगळ्या हॉटेलसमोर मला दोन थोबाडीत दिल्यात."

"श्वास येत नव्हता तुम्हाला."

"पहिल्या थपडेला आला होता."

"दुसरी राकियाची."

कॅप्टनने यावर विचार केला आणि बरणी पुढे केली. मग म्हणाला, "माझ्यामुळे तुमची नोकरी जातेय असं ऐकलं. मी तुम्हाला पोहायला शिकवतो."

"या वयात?"

"तुम्ही आम्हाला रोज काय सांगता? गुडघा वर जातो तर खांदाही जाईल."

रुस्काने त्याला कॉफी दिली. शिकायचं ठरलं, पण अंगात घालायचं काय हा प्रश्न होता. गावातल्या दुकानात पोहण्याचे पोशाख होते, ते दोन दोऱ्या आणि तीन चिंध्यांचे. शेजारच्या काझानलाक शहराच्या बाजारातही तेच. दुकानदारीण म्हणाली, "आजी, तुमच्या मापाच्या बायका पोहायला येत नाहीत हो."

रविवारी रुस्का फोनजवळ बसली. फोन नेहमी इल्यानाच करायची. आपण केला तर सुरुवात कशी करतात हे तिला माहीत नव्हतं. शेवटी तिने कवायतीसारखी पाठ ताठ केली आणि लावला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. मला एक वस्तू हवीय."

"तुला? हवीय?"

"पोहायचा पोशाख. इथे माझ्या मापाचा मिळत नाही. त्याचे पैसे मी..." इथे ती थांबली. वाक्य तोंडाशी आलेलं तिने गिळलं, आणि ते गिळायला जड गेलं. "तू घेशील का माझ्यासाठी?"

इल्याना हसतेय की काय ते कळेना. "रंग कुठला?"

"काळा."

"माप?"

"तुला माहितेय की."

"चार वर्षं झाली तुला बघून, आई."

"मग मोठाच घे."

मग सगळं सांगावं लागलं: कॅप्टन, राकिया, उडी. इल्यानाने दोनदा "अगं आई गं" म्हटलं. मग इल्याना हळूच म्हणाली, "इथल्या बाईंना मी रोज सकाळी चालवायला नेते. पाय उचला, थांबा, आता दुसरा. रोज तेच. पण त्याचेच पैसे तुला पाठवायचे ना, तेव्हा वाटायचं, चला, यांना चालवतेय म्हणजे तिकडे आईचंही काहीतरी करतेय. तू नको म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून ती नुसतीच परकी म्हातारी झाली बघ."

रुस्काने आपल्याला जे येत होतं ते विचारलं. "गुडघा उचलतात का त्या?"

"कसला उचलतात. फरफटत चालतात."

"ओरड त्यांच्यावर."

"आई, त्या फार मोठ्या घरच्या आहेत."

"ते गुडघ्याला कुठे ठाऊक असतं?"

आता मात्र इल्याना हसत होती हे नक्की.

पुढच्या बसने पुडकं आलं. काळा नव्हता. अंगभर ताटाएवढी केशरी फुलं. एक नाही, दोन, दुसऱ्यावर पोपट. बरोबर तेलाचा डबा. रुस्काने फुलांचा निवडला, त्यावर डगला चढवला आणि हॉटेलात गेली.

कॅप्टनने रुसेला परत जाणं पुढे ढकललं होतं, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून. तो डॉक्टर कोण हे कोणाला कळलं नाही. दुपारी पाहुणे झोपलेले असत तेव्हा शिकवणी चाले. कॅप्टन काठावर, रुस्का पाण्यात.

"हात लांब! लांब म्हणजे लांब! सूप ढवळताय का?"

रुस्काच्या ध्यानात आलं, की पाण्यात उभं राहून काठावरचा आवाज ऐकणं फार त्रासदायक असतं. यानंतर ती वर्गात हळू ओरडू लागली असती तर बरं दिसलं असतं. तसं काही झालं नाही.

ती बुडे, नाकात पाणी जाई, खोकत वर येई आणि कॅप्टनला नावं ठेवी. पाण्याला तर ती सरळ शिव्या देई.

"पाण्याशी भांडू नका, बाई. ते ऐकत नाही."

"आजवर सगळ्यांनी ऐकलंय."

"मी बेचाळीस वर्षं सांगून पाहिलं त्याला," कॅप्टन म्हणाला. मग तो स्वतः पाण्यात उतरला, तिच्या पाठीखाली तळहात ठेवला आणि म्हणाला, "पडा. छताकडे बघा. काही करायचं नाही."

काही करायचं नाही, हे तिला सगळ्यात अवघड गेलं. पण एकदा पाय आपोआप वर आले, कान पाण्याखाली गेले आणि आवाज बंद झाला. कॅप्टनचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. कारखान्यात दहाला यंत्रं थांबायची आणि कर्णा सुरू व्हायचा त्याच्या मधे एवढीशी पोकळी असायची. तेव्हा सगळ्या बायका एकदम श्वास सोडायच्या. तेवढ्या पोकळीत ती पडून राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. कॅप्टनने हात केव्हाच काढून घेतला होता, हेही कळलं नाही. कळलं तेव्हा ती ताबडतोब बुडाली.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात परीक्षा झाली. प्लामेन फोनवर चित्रण करत होता, मालकाला पाठवायला. बॉयलरवाला दोरी घेऊन तयार होता. कॅप्टन टोपी घालून उभा होता. स्ताव्रीला कोणी बोलावलं नव्हतं. तो दाढी करून आला होता.

रुस्का या टोकाहून निघाली. त्या पोहण्याला नाव देता येणार नाही. डोकं बदकासारखं पाण्यावर, हात दोन निरनिराळ्या माणसांचे असावेत तसे, आणि तोंडाने मोठ्याने "एक-दोन! एक-दोन!" मधे एकदा पाणी गिळलं, तो आकडा राहून गेला, पुढचा दुप्पट जोराने आला. पण ती "खोल" पाटीपर्यंत गेली, कठड्याला हात लावला आणि मग उभी राहिली.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. "चालेल. पण ती बाई कोणावर ओरडतेय?"

"पाण्यावर, साहेब," प्लामेन म्हणाला.

कॅप्टन ईस्टरची लाल अंडी फोडून रुसेला गेला. त्याला आता वर्षातून तीनदा गुडघ्याचा त्रास होतो. स्ताव्री रोज दाढी करतो आणि त्याला कारण विचारलेलं आवडत नाही. बसवरून रुस्कासाठी परत काही ना काही येतं, पाकीट मात्र नाही. ती दर महिन्याला एक वस्तू मागते. मागण्यासारखं सुचणं सोपं नसतं. एकदा तर तिने निव्वळ काही सुचेना म्हणून चाळणी मागितली, आणि इल्यानाने तीन मापांच्या पाठवल्या.

ऑगस्टमध्ये इल्याना आली. थांब्यावर उतरली तेव्हा रुस्काला ती बारीक वाटली, आणि तिला आई जाड झालेली वाटली. दोघींनी हे एकमेकींना तक्रारीच्या सुरात सांगितलं. पहिले चार दिवस इल्याना नुसती झोपली. पाचव्या दिवशी आईबरोबर हॉटेलात गेली, फोन काढून काठावर खुर्चीत बसली.

"तो फोन ठेव आणि आत उतर," रुस्का म्हणाली.

"आई, मी सुट्टीवर आलेय."

"हे सगळे सुट्टीवरच आलेत."

पाण्यातल्या म्हाताऱ्यांनी सरकून शेवटच्या रांगेत तिला जागा करून दिली. इल्यानाने पोपटांचा पोशाख घातला होता. तो तिला ढगळ होत होता. तासभर रुस्काने तिला एकदाही नावाने हाक मारली नाही, पण "मागची रांग!" असं ती जितक्यांदा ओरडली, तितक्यांदा मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी इल्यानाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इल्यानाचं अंग असं काही धरलं की तिला उशीवरून मान उचलवेना. "आई, तू माणसांना मारतेस," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी धरतंच."

रुस्काने तिच्या उशाशी डोंगरी चहा आणि चीजची गरम, पापुद्र्यांची बानित्सा ठेवली, खिडकीचा पडदा ओढला, डगला घातला आणि कामावर गेली.